तीनशे पंच्याऐंशी पौंडांची पत

लंडनच्या मेफेअर हॉटेलात सप्टेंबर १९३५ मध्ये एका दुपारी गाड्यांच्या विक्रेत्यांना जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाल्यावर त्यांच्यासमोर चार दरवाज्यांची एक नवी गाडी आली. लांब बॉनेट, मोठाले दिवे, मागे उतरत गेलेलं छप्पर. कंपनीचा मालक विल्यम लायन्स तेव्हा ३४ वर्षांचा होता. त्याने पाहुण्यांना सांगितलं, या गाडीची किंमत किती असेल ते चिठ्ठीवर लिहून द्या. चिठ्ठ्या गोळा करून सरासरी काढली, ती निघाली ६३२ पौंड. मग लायन्सने खरी किंमत जाहीर केली, ३८५ पौंड. 'जॅग्वार' हे नाव बाजारात आलं ते या गाडीबरोबर.

जॅग्वारची सगळी पत त्या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे, असं मला वाटतं. 'पत' हा आपला शब्द फार नेमका आहे. दुकानदार उधार देतो तो पत बघून, आणि गावच्या बैठकीत पुढची जागा मिळते तीही पत बघूनच. आधीच्या व्यवहारात माणूस कसा वागला, त्यावर पुढच्या व्यवहारात मिळणारा विश्वास म्हणजे पत. जॅग्वारचा गिऱ्हाइकाशी पहिला व्यवहार असा होता: तुमच्या अंदाजापेक्षा देखणी गाडी, तुमच्या अंदाजापेक्षा कमी पैशात. आता नव्वद वर्षांनी त्याच नावाची गाडी एक लाख पौंडांच्या वर न्यायची आणि मोजक्याच लोकांना विकायची, असं मालकांनी ठरवलं आहे. हा निर्णय चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मालक टाटा असल्यामुळे ते मराठीतही मांडलं गेलं पाहिजे.

आपल्याकडे जॅग्वारचा विषय निघाला की दोनच गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे १९९९ ची. इंडिकाचा धंदा नीट चालेना म्हणून टाटा मोटारगाड्यांचा विभाग फोर्डला विकायला अमेरिकेत गेले, तिथे त्यांना अपमानास्पद बोलणं ऐकावं लागलं, आणि ९ वर्षांनी टाटांनी फोर्डकडूनच जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. टाटांच्याच एका अधिकाऱ्याने २०१५ मध्ये ही आठवण जाहीरपणे सांगितली आणि तेव्हापासून ती दर महिन्याला कुणी ना कुणी पुढे पाठवतंच. दुसरी गोष्ट नोव्हेंबर २०२४ ची. जॅग्वारने नवी अक्षरं, नवं चिन्ह आणि एक जाहिरात आणली. त्या जाहिरातीत भडक रंगांचे कपडे घातलेली माणसं होती, गाडी नव्हती. जगभर आरडाओरडा झाला. रतन टाटांना जाऊन तेव्हा सहाच आठवडे झाले होते, त्यामुळे आपल्याकडे तो जास्तच जिव्हारी लागला.

मला या दोन्ही चर्चा अपुऱ्या वाटतात. पहिलीत जॅग्वार म्हणजे कुणालातरी शिकवलेला धडा, दुसरीत जॅग्वार म्हणजे अक्षरांचं वळण. गाडी कुठेच नाही.

मी भोसरीत पत्र्याचे डाय करतो. पंचवीस वर्षं झाली. गाडीचा दरवाजा, बॉनेट, मडगार्ड हे सगळं सपाट पत्र्यातून प्रेसखाली दाबून निघतं, आणि तो आकार देणारे लोखंडी साचे म्हणजे डाय. ट्रायलचा पत्रा निघाला की आम्ही तो स्वच्छ पुसतो, त्यावर पातळ तेल फिरवतो आणि रांगेत लावलेल्या ट्यूबलाइटखाली धरतो. ट्यूबचं प्रतिबिंब पत्र्यावरून सरळ वाहत गेलं पाहिजे. कुठे ते थरथरलं, आखडलं, की तिथे खळगा आहे किंवा उंचवटा आहे. मग ऑइल स्टोन घासून ती जागा हुडकायची आणि डाय पुन्हा हाताने घासायचा. गाडीच्या देखणेपणाबद्दल लोक बोलतात तेव्हा मला ही ट्यूबची रेघ आठवते. देखणेपण ही हवेतली गोष्ट नाही. त्याला तास लागतात, पैसे लागतात, आणि ते कुठे घालायचे व कुठे वाचवायचे हे कळणारा मालक लागतो.

लायन्स तसा मालक होता. ब्लॅकपूल हे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं, कामगारांनी सुट्टीत जायचं गाव. तिथे सप्टेंबर १९२२ मध्ये, बरोबर आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, त्याने विल्यम वॉल्म्सलीबरोबर मोटारसायकलच्या साइडकार बनवायचा धंदा सुरू केला. दोघांच्या वडिलांनी जामीन राहून बँकेतून हजार पौंडांची उचल मिळवून दिली होती. कंपनीचं नाव 'स्वॅलो'. पाच वर्षांनी त्यांनी ऑस्टिन सेव्हन ही तेव्हाची सगळ्यात साध्या माणसाची गाडी घेतली, तिची चासी आणि इंजिन तसंच ठेवलं आणि वर आपली गोलसर, दोन रंगांची बॉडी चढवली. किंमत १७५ पौंड. कारकून आणि छोट्या दुकानदारांच्या दारात एकदम डौलदार गाडी उभी राहिली. १९२८ मध्ये कारखाना कॉव्हेंट्रीला हलला, १९३१ मध्ये 'एसएस १' आली, आणि ३१० पौंडांत हजार पौंडांचं रूप, अशी तिची ओळख झाली. पुढे युद्धामुळे 'एसएस' या दोन अक्षरांना नाझींच्या पथकाचा वास लागला, म्हणून १९४५ मध्ये कंपनीने ती टाकली आणि नुसतं 'जॅग्वार' ठेवलं.

लायन्सला कागदावर चित्र काढता येत नव्हतं. पत्रा ठोकणाऱ्या आपल्या कारागिराशेजारी उभं राहून तो सांगायचा, इथे थोडं खाली घे, ती कड जरा मागे ने. तयार झालेला पूर्ण आकाराचा नमुना मग वॅपनबरी हॉल या त्याच्या घरी नेला जायचा. गाडी जशी घरासमोर उभी राहणार, त्या उजेडात आणि त्या अंतरावरून ती कशी दिसते हे त्याला बघायचं असे. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकून त्याच्याविषयी जवळीक वाटते. संगणकाच्या पडद्यावर सगळेच पृष्ठभाग सुंदर दिसतात. अंगणातल्या उन्हात खोट लपत नाही.

आणि तोच माणूस पैशाच्या बाबतीत अतिशय घट्ट होता. पुरवठादाराकडून पै-पैचा हिशेब घ्यायचा. एक्सके इंजिनाची कल्पना त्याच्या माणसांनी युद्धकाळात फुकट मिळालेल्या वेळात शिजवली. कॉव्हेंट्रीवर १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी केलेला मारा प्रसिद्ध आहे. अशा रात्री आगीचे बॉम्ब पडले तर विझवायला कारखान्याच्या छपरावर पहारा द्यावा लागे. विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन, क्लॉड बेली हे इंजिनिअर त्या पहाऱ्यावर असताना युद्धानंतरच्या इंजिनाबद्दल बोलत बसायचे. त्यातून निघालेलं सहा सिलिंडरचं इंजिन शर्यतीच्या गाड्यांत चाललं, पंतप्रधानांच्या गाडीत चाललं, ब्रिटिश लष्कराच्या हलक्या रणगाड्यातही चाललं, आणि १९९२ पर्यंत बनत राहिलं. हे इंजिन लोकांना दाखवायला १९४८ च्या लंडनच्या प्रदर्शनात एक दोन आसनी गाडी ठेवली होती, एक्सके १२०. दोनशेच बनवायचं ठरलं होतं. म्हणून डायवर खर्चच केला नाही. लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने बसवला. करांशिवाय किंमत हजार पौंडांच्या आत. मागणी इतकी आली, विशेषतः अमेरिकेतून, की दोनेक वर्षांत पोलादी पत्र्याचे डाय करून नीट उत्पादन सुरू करावं लागलं.

मग ल मां. १९५१, १९५३, १९५५, १९५६ आणि १९५७. चोवीस तासांची ती शर्यत सात वर्षांत पाच वेळा जॅग्वारने जिंकली, आणि १९५३ च्या विजयात डनलॉपबरोबर तयार केलेल्या डिस्क ब्रेकचा मोठा वाटा होता. आज पुण्यातल्या साध्या मोटारसायकलला पुढे डिस्क असते, त्या वाटेवरचं हे एक महत्त्वाचं पाऊल. पण या पाचांपैकी १९५५ चा विजय जाहिरातीत मोजायचा असेल तर तो सगळा मोजावा. त्या दिवशी माइक हॉथॉर्नची जॅग्वार पिटमध्ये जायला ब्रेक लावत असताना मागची ऑस्टिन-हिली बाजूला झाली, तिच्यावर मर्सिडीज आदळून प्रेक्षकांत घुसली, आणि ८० हून अधिक माणसं मेली. मर्सिडीजने रात्रीतून आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या. जॅग्वार धावत राहिली आणि जिंकली. तिनेही थांबायला हवं होतं, असं मला वाटतं. त्याच शर्यतीसाठी निघालेला लायन्सचा एकुलता एक मुलगा जॉन फ्रान्समधल्या रस्त्यावर अपघातात गेला होता. बापाच्या त्या आठवड्याची कल्पनाही करवत नाही. कंपनीच्या पुढच्या इतिहासावरही या मृत्यूची सावली पडली, ती कशी ते पुढे येईलच.

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ई-टाइप ही नवी स्पोर्ट्स कार आली. पत्रकारांना आणि गिऱ्हाइकांना फेरी मारून आणायला एकच गाडी होती आणि रांग संपेना. लायन्सने कॉव्हेंट्रीला फोन केला. कंपनीचा चाचणी-चालक नॉर्मन ड्युइस दुसरी गाडी घेऊन संध्याकाळी निघाला, रात्रभर युरोप ओलांडून सकाळी जिनिव्हात पोचला आणि तसाच लोकांना फेऱ्या मारू लागला. ताशी दीडशे मैलांचा वेग सांगणारी ही गाडी दोन हजार पौंडांच्या आसपास मिळत होती. अ‍ॅस्टन मार्टिनच्या डीबी४ ला जवळपास दुप्पट पैसे पडत.

दहाएक वर्षांपूर्वी कामासाठी कॉव्हेंट्रीकडे आठवडाभर होतो. पुण्यातली कितीतरी मुलं तिकडे आहेत. वॉरिक विद्यापीठात टाटा मोटर्सचं तांत्रिक केंद्र २००५ पासून चालतं, आणि लेमिंग्टनच्या गल्ल्यांत गणपतीच्या दिवसांत मोदकांचा वास येतो. रविवारी तिथल्या एका संग्रहालयात ई-टाइप जवळून बघितली. लोक समोरून फोटो काढत होते. मी गुडघ्यावर बसून मागची कड बघत होतो. त्या बॉडीची रेषा माल्कम सेयरने आखली. हा मूळचा विमानांच्या धंद्यातला माणूस, वळणं गणिताने काढायचा, लॉगच्या कोष्टकांवरून एकेक बिंदू मांडून. पण जी बॉडी अखंड दिसते ती मोठ्या डायमधून निघालेली नाही. गाड्या फार खपणार नाहीत असा अंदाज होता, म्हणून मोठ्या डायचा खर्च टाळून पत्र्याचे पुष्कळ छोटे तुकडे दाबले, कडेला कड लावून हाताने वेल्ड केले, जोड शिशाने भरले आणि कानशीने एकजीव केले. मी छताच्या मागच्या कोपऱ्यावरून नजर फिरवली. दिव्याचं प्रतिबिंब त्या जोडांवरून कुठेही न अडखळता वाहत होतं. आमच्याकडे हे काम करणारा म्हातारा फिटर असता तर त्याने त्या अनोळखी कारागिराला तिथेच हात जोडले असते. दोन हजार पौंडांत ते रूप कसं बसलं, ते मला तिथे कळलं. पैसा लोखंडात घातला नाही, हातांत घातला.

या काटकसरीची दुसरी बाजूही सांगायलाच हवी, कारण जॅग्वारची बदनामी तिथूनच सुरू होते. पहिल्या ई-टाइपच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे खडखडाट न होता गिअर पडू देणारी सोय, नव्हती, सीट आखूड आणि कडक, ब्रेकबद्दल तक्रारी. १९६४ च्या ४.२ लिटरच्या गाडीत बरंचसं सुधारलं, पण तोवर पहिल्या गिऱ्हाइकांनी कंपनीच्या चाचण्या स्वतःच्या पैशाने करून दिल्या होत्या. पुरवठादाराला पै-पैसाठी दाबलं की तो माल तसाच देतो. हे मी त्या बाजूला उभं राहून सांगतो आहे.

तरीही खरी घसरण मालकी बदलल्यावर झाली. जॅग्वारच्या बॉड्या प्रेस्ड स्टील नावाच्या बाहेरच्या कंपनीत बनत. १९६५ मध्ये ती कंपनी बीएमसी या मोठ्या प्रतिस्पर्ध्याने घेतली. ज्याच्या हातात तुमचा पत्रा, त्याच्या हातात तुमची मान. लायन्स साठीच्या पुढे गेला होता आणि मागे मुलगा नव्हता. १९६६ मध्ये त्याने जॅग्वार बीएमसीत विलीन केली, १९६८ मध्ये ते सगळं ब्रिटिश लेलँडमध्ये गेलं आणि १९७५ मध्ये सरकारजमा झालं. त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांवर मला फार लिहायचं नाही. संप, रंगाचे पापुद्रे, रस्त्यात बंद पडणाऱ्या गाड्या. १९७९ मध्ये एक्सजे या मोठ्या चार दरवाज्यांच्या गाडीची नवी आवृत्ती आली तेव्हा नव्या रंगशाळेतून सुरुवातीला तीनच रंग निघत होते. तेवढ्यावरून काय ते समजावं.

१९८० मध्ये जॉन ईगन जॅग्वारचा प्रमुख म्हणून आला तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार गाड्या बनत होत्या. त्याने दोषांची यादी केली तर निम्म्याहून जास्त दोष बाहेरून आलेल्या सुट्या भागांचे निघाले. त्याने पुरवठादारांना समोर बसवलं आणि वॉरंटीचा खर्च त्यांच्याही गळ्यात बांधला. कामगारांना बिघडलेले भाग दाखवले. चार वर्षांत उत्पादन दुपटीच्या वर गेलं आणि १९८४ मध्ये कंपनी पुन्हा स्वतंत्रपणे शेअर बाजारात उभी राहिली. नवं चिन्ह नाही, नवी अक्षरं नाहीत. तक्रारीची वही उघडली आणि वरून खाली एकेक ओळ खोडत नेली.

फोर्डने १९८९ च्या अखेरीस अडीच अब्ज डॉलरला जॅग्वार घेतली आणि कारखाना खरोखर सुधारला. २००९ मध्ये अमेरिकेतल्या जे. डी. पॉवरच्या टिकाऊपणाच्या पाहणीत तीन वर्षं जुन्या गाड्यांमध्ये जॅग्वार आणि ब्युइक बरोबरीने पहिल्या आल्या. म्हणजे फोर्डच्या काळात बनलेल्या गाड्या सगळ्यात कमी बिघडत होत्या, आणि लोक मात्र अजून १९७० च्या दशकातले विनोद सांगत होते. पत बुडायला पाच वर्षं लागली आणि परत यायला तीस पुरली नाहीत. हा हिशेब प्रत्येक कारखानदाराने भिंतीवर लावावा असा आहे.

पण फोर्डने दुसऱ्या बाजूला चूक केली. २००१ ची छोटी जॅग्वार एक्स-टाइप ही मोंडिओ या फोर्डच्या साध्या घरगुती गाडीच्या पायावर उभी होती. त्यात वाईट काही नाही, लायन्सही ऑस्टिनच्या चासीवर उभा राहिला होता. फरक असा की लायन्सने साध्या गाडीला असं रूप दिलं की अंदाज वर गेला. फोर्डने जुन्या एक्सजेचं रूप आखडून मोंडिओवर बसवलं आणि अंदाज खाली आणला. वर्षाला एक लाख खपाचं उद्दिष्ट होतं, सगळ्यात चांगल्या वर्षी पन्नास हजारांच्या आसपास गेली. लँड रोव्हरसाठी फोर्डने आणखी पावणेतीन अब्ज डॉलर मोजले होते. २००८ मध्ये दोन्ही मिळून २.३ अब्ज डॉलरला टाटांना दिल्या.

इथे आपला संबंध येतो, आणि मला बदल्याच्या गोष्टीपेक्षा त्या वर्षाचं कॅलेंडर जास्त बोलकं वाटतं. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत रतन टाटांनी नॅनो दाखवली. २६ मार्चला जॅग्वार-लँड रोव्हरचा करार जाहीर झाला. जगातली सगळ्यात स्वस्त गाडी आणि ही राजेशाही गाडी एकाच घरात कशा नांदणार, असं तेव्हा सगळे विचारत होते. ब्लॅकपूलची गोष्ट ठाऊक असती तर हा प्रश्न पडला नसता. साध्या माणसाला अभिमानाने उभं राहता येईल अशी गाडी, ही दोन्हीकडची मूळ ओढ एकच होती. त्यात रतन टाटा स्वतः कॉर्नेलमध्ये वास्तुशास्त्र शिकलेले, रेषेची नजर असलेले.

नंतरच्या वर्षी मंदीत टाटा मोटर्सला अडीच हजार कोटींचा एकत्रित तोटा झाला. विकून मोकळं व्हा, असा सल्ला देणारे कमी नव्हते. टाटांनी विकलं नाही, नव्या गाड्यांवर पैसा लावला, वुल्व्हरहॅम्प्टनला इंजिनाचा नवा कारखाना उभा केला. २०११ मध्ये पुण्यात लँड रोव्हरची फ्रीलँडर जुळवायला सुरुवात झाली, २०१३ मध्ये जॅग्वारची एक्सएफ. ती पहिली एक्सएफ बाहेर पडली तेव्हा आमच्या पट्ट्यातल्या टूलरूममध्ये चहाच्या वेळी दुसरा विषय नव्हता. टाटांच्या धीराबद्दल मला खरा आदर आहे आणि पुढचं सगळं मी तो आदर ठेवूनच म्हणतो.

कंपनीची बाजू अशी आहे. २०१५ मध्ये एक्सई ही लहान चार दरवाज्यांची गाडी आणून जॅग्वारने जर्मन कंपन्यांशी त्यांच्याच मैदानात टक्कर घेतली. खप वाढला, २०१८ मध्ये १ लाख ८० हजारांवर गेला. पण त्याच वर्षी नुसत्या बीएमडब्ल्यू नावाच्या गाड्या २० लाखांच्या वर खपल्या. नवी गाडी उभी करायचा खर्च दोघांनाही जवळपास सारखाच, तो वाटायला इकडे गाड्याच नाहीत. म्हणून २०२१ मध्ये ठरलं: जॅग्वार पूर्ण विजेवर, संख्या कमी, भाव जास्त. तयार होत आलेली विजेची एक्सजेसुद्धा रद्द केली. आजच्या गिऱ्हाइकांपैकी थोडेच सोबत राहतील हे कंपनीनेही मान्य केलं आहे. हिशेब खोटा नाही.

हिशेब बरोबर असला तरी त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. एक्सई अपयशी ठरली ती स्वस्त होती म्हणून नव्हे. ती दिसायला आणि भावाला जर्मन गाड्यांच्या बरोबरीची होती, आणि बरोबरीच्या मालात माणूस मोठ्या दुकानात जातो. तिला बघून कुणी चिठ्ठीवर चढा आकडा लिहिला नसता. दुसरं, कमी संख्या म्हणजे जास्त भाव हे गणित जॅग्वारनेच एकदा मोडून दाखवलं होतं. १९६० च्या दशकात ती वर्षाला वीस-पंचवीस हजारांच्या घरात गाड्या बनवत होती आणि तरी स्पर्धकांच्या निम्म्या भावात ई-टाइप देत होती. आज सुरक्षेचे नियम आणि बॅटरीचा खर्च बघता तसं निम्म्यावर येणं शक्य नाही, हे धंद्यातला माणूस म्हणून मी जाणतो. पण निम्म्यावर येता येत नाही म्हणून दुप्पट करावी, असं कुठे आहे? तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. २०१८ ची आय-पेस ही मोठ्या नावांच्या आधी आलेली, आखूड नाकाची, खरीखुरी नवी विजेची गाडी होती. २०१९ मध्ये ती जगातली वर्षाची सर्वोत्तम गाडी ठरली. ऑस्ट्रियातल्या दुसऱ्याच कंपनीच्या कारखान्यात बनायची, म्हणजे लोखंडातला पैसा वाचवून कल्पनेत घातला होता. अगदी लायन्सची चाल. तिच्या पाठीवर दुसरी, जरा स्वस्त, जरा देखणी गाडी यायला हवी होती. कोणीच आली नाही.

एक लाख पौंडांच्या वरच्या बाजारात बेंटली आहे, पोर्शे आहे, घरचीच रेंज रोव्हर आहे. त्या बाजारात जॅग्वारची पत नाही. तिची पत ज्या बाजारात होती, तो बाजार तिने स्वतःहून सोडला. नवं बोधवाक्य 'कशाचीही नक्कल नको' हे लायन्सच्याच बोलण्यातून उचललं आहे, पण महाग आणि मोजकं विकणं ही आज गाड्यांच्या धंद्यातली सगळ्यात मोठी नक्कल आहे.

टाटांना हे कळणं अवघड नाही, कारण या नाण्याची दुसरी बाजू त्यांनी भोगली आहे. नॅनो वाईट गाडी नव्हती, पण 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का तिला लागला आणि शेजाऱ्यापुढे तो शिक्का मिरवायला कुणी तयार नव्हतं. रतन टाटांनी पुढे हे मोकळेपणाने मान्य केलं होतं. नॅनोत किंमत होती, मिरवणं नव्हतं. नव्या जॅग्वारमध्ये मिरवणं आहे, किंमत नाही. १९३५ च्या त्या दुपारी मेफेअरमध्ये दोन्ही एकाच गाडीत होतं. आणि पत परत कशी मिळवायची हेही त्यांना पुण्यात शिकायला मिळालं आहे. पहिल्या इंडिकाबद्दल तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा त्या ऐकून, भाग बदलून २००१ मध्ये इंडिका व्ही२ आणली आणि तीच गाडी देशभरच्या टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं विश्वासाने चालवली. ईगनने कॉव्हेंट्रीत जे केलं, तेच काम पिंपरी-चिंचवडच्या माणसांनी केलं होतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. इंग्लंडमधल्या सोलिहलच्या कारखान्यात ती मोठी, महागडी जॅग्वार बनवायची तर खुशाल बनवा. तिच्यासोबत एक लहान जॅग्वार आणा: दोन दरवाजे, विजेची, पन्नास हजार पौंडांच्या आत, आणि विक्रेत्यांना दाखवून चिठ्ठ्या मागवल्यावर सरासरी त्याच्या बरीच वर निघेल अशी. वॉरिकला बसलेली मराठी पोरं तिची रेषा काढू शकतात, पुण्यातला प्रेस शॉप तिचा पत्रा दाबू शकतो. तिच्या बॉनेटच्या डायसाठी चौकशी निघाली तर भोसरीतून पहिलं कोटेशन माझं असेल.